पाण्याच्या टाकीचे दहा आकडे आणि एकमितीय कन्व्हॉल्यूशन

आमच्या सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीत मी एक सेन्सर बसवला होता. दर मिनिटाला पाण्याची उंची मोजायची, आकड्यांची थरथर थोडी कमी करायची आणि पाणी १२० सेंटिमीटरला पोचलं की मोटर बंद करायची, एवढंच काम. जुन्या नोंदींवर कोड चालवून पाहिला तेव्हा आलेख इतका गुळगुळीत आला की मी तो लगेच सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी टाकी भरली, वाहू लागली, पाणी पावसाच्या पाइपातून खाली धो धो आलं आणि दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी वॉचमनला वर पिटाळलं. मोटर चालूच होती. माझ्या कोडच्या मते टाकीत फक्त ६४ सेंटिमीटर पाणी होतं.

सेन्सर ठीक होता, तारही सुटली नव्हती. चूक होती एका शब्दाची. १२० चे ६४ कसे झाले ते पुढे येईलच, पण त्यासाठी अ‍ॅरेवर (आकड्यांच्या रांगेवर) फिल्टर फिरवणं, म्हणजेच कन्व्हॉल्यूशन, नेमकं काय असतं, हे एकदा हाताने करून बघावं लागेल. कन्व्हॉल्यूशनचं गणित चौथीतल्या गुणाकारापलीकडचं नाही. माणसं फसतात ती अ‍ॅरेच्या दोन टोकांवर आणि आकड्यांच्या क्रमात.

पायथन, त्यात नमपाय आणि सायपाय या दोन लायब्ररी, आणि एक कोरा कागद एवढं जवळ ठेवा. कागद खरंच ठेवा. खालच्या कोडच्या ओळी मी मराठीत लिहिल्या आहेत. टाइप करताना पायथनचे नेहमीचे शब्द वापरायचे. पायथन ३ मध्ये व्हेरिएबलचं नाव 'पाणी' असं देवनागरीत चालतं. मात्र 'अ‍ॅरे' हे नाव देऊ नका, कारण 'अ‍ॅ' लिहिताना मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह येतं आणि पायथन त्यावर अडून बसतो.

आधी आकडे बघा

मोटर चालू असतानाच्या दहा मिनिटांच्या नोंदी घेऊ. हिशोब सोपा जावा म्हणून आकडे तीनच्या पटीत ठेवले आहेत:

पाणी = [६०, ६३, ६०, ६६, ६३, ९६, ६९, ७२, ६९, ७५]

पाणी चढतंय हे दिसतं, पण आकडे पुढे-मागे होत चढतात. वरून धार पडत असते, पृष्ठभाग हलतो आणि सेन्सर कधी लाटेचा माथा मोजतो, कधी खळगा. मधला ९६ मात्र लाटेचा नाही. हा सेन्सर टाकीच्या झाकणाला लटकतो, आवाजाची लहर खाली सोडतो आणि ती परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतो. लहर पाण्याऐवजी मध्येच आलेल्या धारेवर किंवा पाइपवर आपटली की अंतर कमी भरतं, म्हणजे पाणी अचानक वर आल्यासारखं वाटतं. थरथर आणि उडी हे दोन वेगळे आजार आहेत. त्यांचं औषधही वेगळं आहे.

शाळेतला गुणाकार, हातचा न घेता

आता पाणी बाजूला ठेवा आणि १२३ गुणिले २१ करा. उत्तर २५८३. तेच अंक सुटे लिहून बघा: एक अ‍ॅरे [१, २, ३], दुसरी [२, १].

पहिल्या अ‍ॅरेतला १ दुसरीला गुणतो तेव्हा मिळतं २, १. तो २ गुणतो तेव्हा मिळतं ४, २, पण एक घर उजवीकडे सरकून. तो ३ गुणतो तेव्हा ६, ३, आणखी एक घर सरकून. एकाखाली एक मांडून उभी बेरीज केली की २, १+४, २+६, ३, म्हणजे [२, ५, ८, ३].

झालं कन्व्हॉल्यूशन. शाळेत बेरीज नऊच्या वर गेली की हातचा घ्यायचो, इथे घेत नाही, एवढाच फरक. तीन अंक आणि दोन अंक यांतून चार घरं तयार झाली, म्हणजे ३ + २ − १. हा 'उणे एक' पुढे सारखा भेटेल.

यातली लांब अ‍ॅरे म्हणजे आपल्या नोंदी आणि छोटी म्हणजे फिल्टर. फिल्टरच्या अ‍ॅरेला कर्नल म्हणतात. सैन्यातल्या कर्नलशी संबंध नाही, हा शब्द बीच्या आतल्या गरासाठीच्या इंग्रजी शब्दावरून आला आहे.

लूप एकदा स्वतः लिहा

लायब्ररी आहेच, पण पहिल्यांदा हे स्वतःच्या हाताने लिहा. नोंदींची लांबी न, कर्नलची म:

उत्तर = (न + म − १) शून्यांची अ‍ॅरे
इ = ० पासून न − १ पर्यंत:
    क = ० पासून म − १ पर्यंत:
        उत्तर[इ + क] मध्ये पाणी[इ] × कर्नल[क] मिळव

आतली ओळ नीट वाचा. प्रत्येक नोंद आपल्या जागेपासून पुढे, कर्नलच्या आकाराचा एक ठसा उमटवते. जवळजवळच्या नोंदींचे ठसे एकमेकांवर पडतात आणि त्यांची बेरीज होते. पुस्तकांत बहुतेक वेळा 'कर्नल उलटा करा आणि सरकवत न्या' असं लिहिलेलं असतं. ते बरोबर आहे, पण उलटा का करायचा हे तिथे सहसा कळत नाही. ठशाच्या बाजूने पाहिलं की कोडं सुटतं. तुम्ही उत्तराच्या एका घरात उभे राहून विचारलंत, 'माझ्यात कोणाकोणाचा वाटा आहे?', तर आत्ताच्या नोंदीच्या ठशाचा पहिला आकडा, मागच्या नोंदीच्या ठशाचा दुसरा, त्यामागच्या नोंदीचा तिसरा. मागे जाल तसा कर्नल पुढे सरकतो, आणि म्हणून तो उलटा दिसतो.

सरासरी घेऊ, आणि ६४ चा उलगडा करू

आता कर्नल घ्या [१/३, १/३, १/३]. म्हणजे तीन-तीन नोंदींची सरासरी. नमपायच्या 'कन्व्हॉल्व्ह' फंक्शनला नोंदी आणि कर्नल दिले की बारा आकडे मिळतात, कारण १० + ३ − १:

[२०, ४१, ६१, ६३, ६३, ७५, ७६, ७९, ७०, ७२, ४८, २५]

पहिला आकडा २० बघून दचकू नका. तिथे फक्त पहिल्या नोंदीचा ठसा पडला आहे, ६० चा तिसरा भाग. दुसऱ्या घरात ६० आणि ६३, भागिले तीन, म्हणून ४१. खरे तिन्ही आकडे जिथे सापडतात ती सुरुवात तिसऱ्या घरापासून. शेवटीही तसंच, ४८ आणि २५ हे अर्धवट ठसे.

या फंक्शनला तिसरी गोष्ट सांगता येते, तिला मोड म्हणतात. काही सांगितलं नाही तर तो 'फुल' धरतो आणि वरचे बाराच्या बारा आकडे देतो. 'वॅलिड' सांगितलं तर ज्या घरांत कर्नल पूर्ण बसला तेवढीच घरं देतो: ६१ ते ७२, एकूण १० − ३ + १ = ८. आणि 'सेम' सांगितलं तर बारातली मधली दहा, म्हणजे नोंदी जितक्या तितकंच उत्तर:

[४१, ६१, ६३, ६३, ७५, ७६, ७९, ७०, ७२, ४८]

'सेम' सगळ्यांना आवडतो. लांबी जुळते, आलेखावर दोन्ही रेषा एकमेकींवर बसतात, कुठे कटकट नाही. मलाही आवडला. माझा कर्नल पंधरा नोंदींचा होता. जुन्या नोंदींचा अख्खा दिवस, म्हणजे १४४० आकडे, आलेखावर काढले तेव्हा दोन्ही टोकांची सात-सात घरं कडेला खाली वाकलेली होती, पण एवढ्या लांब आलेखात ती कोण बघतो.

प्रत्यक्ष टाकीवर मात्र कोड दर मिनिटाला नवीन नोंद जोडायचा, 'सेम' चालवायचा आणि शेवटचा आकडा घ्यायचा. शेवटच्या घरात पंधरापैकी आठच नोंदी खऱ्या असतात. पुढच्या सात अजून घडलेल्याच नाहीत, तिथे शून्य धरलेली. बेरीज आठांची, भागाकार पंधराने. १२० × ८ ÷ १५ = ६४. टाकी कितीही भरली तरी माझ्या कोडला ती नेहमी जेमतेम अर्धीच दिसणार होती.

दुरुस्ती एका शब्दाची: 'सेम'च्या जागी 'वॅलिड', आणि त्याचा शेवटचा आकडा. तो शेवटच्या पंधरा खऱ्या नोंदींची सरासरी असतो.

'सेम'ची आणखी एक खोड. नमपायमध्ये 'सेम'ची लांबी म्हणजे दोन अ‍ॅरेंपैकी जी मोठी असेल तिची. सुरुवातीला पाचच नोंदी जमल्या असतील आणि कर्नल पंधराचा असेल, तर उत्तरही पंधरा आकड्यांचं येतं आणि पुढचा सगळा कोड हलतो.

टोकांना काय भरायचं

आलेख काढायचा आहे, टोकंही हवी आहेत आणि शून्य नको, अशा वेळी सायपायच्या एनडी-इमेज विभागातलं 'कन्व्हॉल्व्ह-वन-डी' हे फंक्शन घ्या. ते कडेबाहेर काय आहे असं मानायचं हे विचारतं. आपल्या पहिल्या नोंदीपाशी, ६० आणि ६३ च्या डावीकडे काय धरायचं त्यावर उत्तर असं बदलतं:

'निअरेस्ट' म्हणाल तर कडेचाच आकडा पुन्हा: ६०, ६०, ६३, सरासरी ६१.
'रिफ्लेक्ट' म्हणाल तर कडेला आरसा, आणि कडेची नोंद दोनदा दिसते. तीनच्या कर्नलला तेच ६१. काही सांगितलं नाही तर हाच असतो.
'मिरर' म्हणाल तर आरसा कडेच्या नोंदीच्या मधोमध, ती नोंद पुन्हा येत नाही: ६३, ६०, ६३, सरासरी ६२.
'रॅप' म्हणाल तर अ‍ॅरेचं दुसरं टोक इकडे जोडलं जातं: ७५, ६०, ६३, सरासरी ६६.

टाकीसाठी 'रॅप' निरर्थक आहे. आत्ताचं पाणी दहा मिनिटांपूर्वीच्या पाण्याला चिकटत नाही. वर्षातल्या बारा महिन्यांच्या सरासरी तापमानासाठी मात्र तोच योग्य, कारण डिसेंबरनंतर जानेवारी येतोच.

इथे नावांचा एक घोळ आहे ज्यात माझी एक संध्याकाळ गेली. नमपायमध्ये अ‍ॅरेला कडा जोडण्यासाठी 'पॅड' नावाचं फंक्शन आहे. त्यातला 'रिफ्लेक्ट' म्हणजे एनडी-इमेजमधला 'मिरर'. आणि एनडी-इमेजच्या 'रिफ्लेक्ट'ला 'पॅड'मध्ये 'सिमेट्रिक' म्हणतात. नाव सारखं म्हणून अर्थ सारखा धरू नका. चार आकड्यांवर चालवून बघा.

मला स्वतःला यापेक्षा एक जुनी युक्ती जास्त प्रामाणिक वाटते. नोंदींवर कर्नल 'सेम'ने चालवा, मग तितक्याच लांबीच्या एक-एक-एक अशा अ‍ॅरेवर तोच कर्नल तसाच चालवा आणि पहिल्या उत्तराला दुसऱ्याने भागा. कडेला जितक्या खऱ्या नोंदी असतील तितक्यांनीच भाग जातो. आपल्या पहिल्या घरात ४१ ऐवजी ६१.५ येतात, ६० आणि ६३ ची साधी सरासरी. कडेबाहेरचं काहीही कल्पनेने भरावं लागत नाही.

हीच युक्ती हरवलेल्या नोंदींनाही लागू पडते. लहर परतच आली नाही तर सेन्सर आकडा देत नाही आणि अ‍ॅरेत 'नॅन', म्हणजे 'इथे आकडा नाही' अशी खूण, बसतो. एक 'नॅन' कर्नलच्या लांबीइतकी घरं खराब करतो. म्हणून त्या जागी नोंदीत ० ठेवा, आणि एकांच्या अ‍ॅरेतही त्याच जागी ० ठेवा. मग भागाकार. कर्नलखाली आलेल्या सगळ्याच नोंदी हरवल्या असतील तर शून्याने भाग जाईल, तेवढं तपासा.

क्रम बरोबर आहे ना?

सरासरीचा कर्नल उलटा केला तरी तसाच दिसतो, त्यामुळे क्रमातली चूक तिथे लपून राहते. ती पकडायला असमान कर्नल घ्या, [१, २, ३], आणि नोंदी म्हणून [०, ०, १, ०, ०]. 'कन्व्हॉल्व्ह', मोड 'सेम':

[०, १, २, ३, ०]

एकट्या १ ने आपला ठसा जसाच्या तसा उमटवला. आता नमपायचंच 'कोरिलेट' हे फंक्शन त्याच मोडने चालवा:

[०, ३, २, १, ०]

'कोरिलेट' कर्नल उलटा न करता सरकवतं, म्हणून ठसा उलटा पडतो. दोन्ही उपयोगाची आहेत, पण कुठल्या लायब्ररीत कुठलं आहे हे माहीत हवं. डीप लर्निंगच्या पायटॉर्चमध्ये ज्या थराला कन्व्हॉल्यूशन म्हणतात तो खरं तर कोरिलेशन करतो. तिथे कर्नलमधले आकडे मॉडेल स्वतःच शिकतं, त्यामुळे उलटसुलटने बिघडत नाही. तुम्ही स्वतः लिहिलेला कर्नल तिथे नेलात तर मात्र बिघडेल.

सगळ्यांना सारखं वजन कशाला

आधी तो ९६ काढू. सरासरीने तो जात नाही, पसरतो. वरच्या उत्तरात ७५, ७६, ७९ असे सलग तीन आकडे फुगलेले आहेत ते त्याच्यामुळेच. अशा उडीला मध्यक लागतो: शेजारच्या तीन नोंदी क्रमाने लावून मधली घ्यायची. ६३, ९६, ६९ यांत मधला ६९. मी असा नियम ठेवला की नोंद मध्यकापासून १५ सेंटिमीटरहून जास्त दूर असेल तरच ती मध्यकाने बदलायची, एरवी हात लावायचा नाही. मध्यक हे कन्व्हॉल्यूशन नव्हे. त्यात क्रम लावणं आहे, नुसती गुणून बेरीज नाही. तो आधी आणि सरासरी नंतर. उलट केलंत तर उडी आधी पसरेल आणि मग मध्यकालाही ती ओळखू येणार नाही.

बदललेल्या नोंदी:

[६०, ६३, ६०, ६६, ६३, ६९, ६९, ७२, ६९, ७५]

तीनची सरासरी, 'वॅलिड': [६१, ६३, ६३, ६६, ६७, ७०, ७०, ७२]. फुगलेले तिन्ही आकडे बरोबर नऊ-नऊने खाली आले, कारण ९६ आणि ६९ मधला २७ चा फरक तिघांत वाटला गेला होता.

आता [१/४, २/४, १/४] वापरून बघा. मधल्या नोंदीला दुप्पट मान:

[६१.५, ६२.२५, ६३.७५, ६५.२५, ६७.५, ६९.७५, ७०.५, ७१.२५]

आधीच्या उत्तरात ६३, ६३ आणि ७०, ७० अशी दोन ठिकाणी पाणी थांबल्यासारखं दिसत होतं. इथे ते सतत चढतं. कारण असं की आपली थरथर एक-आड-एक वर-खाली अशी आहे. +१, −१, +१ अशा नागमोडीवर [१, २, १] लावला तर १ − २ + १ = ०, नागमोडी पूर्ण पुसली जाते. [१, १, १] लावला तर तिचा तिसरा हिस्सा शिल्लक राहतो, तोही उलट्या चिन्हाने. तीनच आकड्यांचे दोन्ही कर्नल, पण वागणं वेगळं.

[१, २, १] स्वतःवरच चालवला तर [१, ४, ६, ४, १] मिळतो. या ओळी ओळखीच्या वाटतात का? पिंगलाच्या छंदःशास्त्रावर दहाव्या शतकात हलायुधाने टीका लिहिली, त्यात हाच मेरुप्रस्तार आहे. लघु-गुरू किती प्रकारे येतील हे मोजायला त्यांनी काढलेली वजनं इथे पाण्याची थरथर काढतात. असंच पुढे जात राहिलं की आकार घंटेसारखा, म्हणजे गॉसियन होत जातो. कुठला कर्नल घ्यावा कळत नसेल तर मी बेधडक यांतलाच एक घ्या म्हणेन. आकडे काहीही असोत, त्यांची बेरीज १ हवी, नाहीतर पाण्याची पातळीच बदलेल.

पाणी किती वेगाने चढतंय

कर्नलची बेरीज ० ठेवली तर तो पातळी विसरतो आणि फक्त बदल सांगतो. [१/२, ०, −१/२] घ्या. उलटा होऊन लागल्यावर तो 'पुढची नोंद वजा मागची, भागिले दोन' असं करतो, म्हणजे मिनिटाला किती सेंटिमीटर. इथे 'कोरिलेट' वापरलंत तर चिन्ह उलटेल आणि भरणारी टाकी रिकामी होताना दिसेल.

बदललेल्या नोंदींवर थेट लावला तर उत्तर ० ते ३ च्या मध्ये उड्या मारतं. वेग काढताना थरथर वाढतेच. तीनच्या सरासरीनंतर लावला तर [१, १.५, २, २, १.५, १] येतं, एकूण सरासरी मिनिटाला दीड सेंटिमीटर. हे पटण्यासारखं आहे.

दोन फिल्टर एकामागून एक लावायचे असतील तर आधी त्या दोन कर्नलांचंच कन्व्हॉल्यूशन करून एक कर्नल बनवता येतो. [१, १, १] आणि [१, ०, −१] मिळून [१, १, ०, −१, −१], भागिले ६. पहिल्या पाच नोंदींवर हाताने करा: (६३ + ६६ − ६३ − ६०) ÷ ६ = १. वरच्या उत्तराचा पहिला आकडा तोच. मोटर बंद असताना हा आकडा बराच वेळ शून्याखाली राहिला तर पाणी वापरलं जातंय, आणि रात्री तीन वाजता राहिला तर कुठलातरी फ्लश गळतोय.

चालू टाकीवर उशीर

'वॅलिड' लावल्यावर टाकी वाहायची थांबेल असं मला वाटलं होतं. थांबली नाही, फक्त कमी वाहिली. शेवटच्या पंधरा नोंदींची सरासरी ही आत्ताची उंची नसते, त्या पंधरांच्या मधल्या क्षणाची, म्हणजे सात मिनिटांपूर्वीची असते. मिनिटाला दीडच्या वेगाने सात मिनिटांत साडेदहा सेंटिमीटर. सरासरी १२० दाखवते तेव्हा खरं पाणी १३० च्या वर गेलेलं.

समान वजनाच्या म लांबीच्या कर्नलचा हा उशीर (म − १) ÷ २ इतका असतो आणि तो टाळता येत नाही. जुन्या नोंदींवर 'सेम' चालवताना तो दिसत नाही, कारण तिथे पुढच्या नोंदीही हाताशी असतात. चालू टाकीला पुढचं कळत नाही. मी कर्नल पाचवर आणला, उशीर दोन मिनिटांवर आला, आणि मोटर ११५ लाच बंद करायला सांगितली. सम लांबीचा कर्नल शक्यतो घेऊ नका, कारण त्याचा मध्य दोन नोंदींच्या मध्ये पडतो आणि उत्तर अर्ध्या घराने सरकतं.

पूर्णांकांचा सापळा

सेन्सरचे आकडे पूर्णांक म्हणून साठवले असतील तर एनडी-इमेजचं फंक्शन उत्तरही पूर्णांकातच देतं आणि दशांशानंतरचं कापून टाकतं. ६१.६७ चे ६१. एरर नाही, इशारा नाही. आधी अ‍ॅरे फ्लोट (दशांश आकडे ठेवणारी) करून घ्या. दुसरा सापळा आठ बिटांच्या पूर्णांकांचा. नोंदी आणि कर्नल दोन्ही त्या प्रकारचे असतील तर २०० + २०० + २०० चे ६०० होत नाहीत, ८८ होतात, कारण २५५ नंतर मोजणी पुन्हा शून्यावर येते.

टाक्या दोन असतील आणि अ‍ॅरेत एकेका टाकीची एकेक ओळ असेल तर नमपायचं 'कन्व्हॉल्व्ह' सरळ नकार देतं, ते एकाच ओळीवर चालतं. दोन्ही ओळी सलग जोडून चालवायचा मोह होतो, पण मग एका टाकीचं शेवटचं पाणी दुसरीच्या पहिल्या पाण्यात मिसळतं. 'कन्व्हॉल्व्ह-वन-डी'ला अ‍ॅक्सिस (कुठल्या दिशेने चालायचं ते) सांगता येतो. काही न सांगता ते शेवटचा अ‍ॅक्सिस धरतं, म्हणजे प्रत्येक ओळ आपापली.

कोडच्या वेगाची काळजी एवढ्यात नको. दिवसाच्या १४४० नोंदी गुणिले पंधरा म्हणजे २१,६०० गुणाकार, काहीच नाही. नोंदी आणि कर्नल दोन्ही हजारोंनी लांब झाले की फूरियरची वाट (फूरियर रूपांतर वापरून हेच उत्तर काढण्याची पद्धत) जलद पडते. सायपायच्या सिग्नल विभागातलं 'कन्व्हॉल्व्ह' ती निवड स्वतःच करतं. फक्त त्या वाटेने गेल्यास एक 'नॅन' अख्खं उत्तर 'नॅन' करून टाकतो.

टाकीला जोडण्याआधी

नवीन फिल्टर लिहिला की मी त्यात तीन अ‍ॅरे घालतो. शून्यांमध्ये एकटा १: कर्नल जसाच्या तसा परत यायला हवा, उलटा आला तर क्रम चुकला. सगळे आकडे १२०: सरासरीच्या फिल्टरमधून टोकापर्यंत १२० च यायला हवेत आणि वेगाच्या फिल्टरमधून शून्य. हे एकच परीक्षण आधी केलं असतं तर काकूंना गच्चीकडे बघावं लागलं नसतं. तिसरी, ०, १, २, ३ अशी चढण: उत्तर किती घरं मागे राहतं तोच उशीर.

आणि आता कागद. बदललेल्या दहा नोंदींवर [१, ४, ६, ४, १] भागिले १६, मोड 'वॅलिड', आधी हाताने आणि मग कोडने. सहा आकडे येतील, त्यातला पहिला ६२.४३७५. वेगळा आला तर वर [१, २, १] ने आलेल्या आठ आकड्यांवर तोच [१, २, १] भागिले ४ पुन्हा फिरवा आणि दोन्ही उत्तरं शेजारी ठेवून कुठे फाटा फुटला ते शोधा.